गावाच्या इतिहासात अवांतर काय?

गावाच्या इतिहासासाठी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट निघतो. पहिले आठ-दहा दिवस मोठा उत्साह असतो. कुणी जुन्या शाळेचा फोटो टाकतो, कुणी आजोबांच्या काळातली सातबाराची नक्कल. मग हळूहळू ‘शुभ सकाळ’ सुरू होते, शुक्रवारी ‘जुमा मुबारक’, सोमवारी ‘हर हर महादेव’. मध्येच कुणाच्या दुकानाची जाहिरात, कुणाच्या वाढदिवसाचा केक, आणि निवडणूक जवळ आली की नेत्यांचे फोटो. दोन महिन्यांनी पाहावे तर दिवसाला शंभर संदेश येतात आणि गावाबद्दल त्यात एकही नसतो. ज्या बुजुर्गांसाठी गट काढला, ते तर केव्हाच गप्प झालेले असतात.

शाळेत शिकवत असल्यामुळे माजी विद्यार्थी आणि पालक आम्हाला अशा गटांत हौसेने घेतात. थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन येतो, “सर, ह्या लोकांना आवरायचं कसं?” या महिन्यात त्याविषयीच चार शब्द.

आधी हे समजून घेऊ, की आपल्याकडे असा गट हवाच कशाला. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात होतो. १९६० पूर्वी द्विभाषिक मुंबई राज्यात, १९५६ पूर्वी मध्य प्रदेशात आणि स्वातंत्र्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडात. म्हणजे गोंदियाचा इतिहास ‘गोंदिया’ या नावाखाली शोधायला गेले तर फारसे हाती लागत नाही. भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर आर. व्ही. रसेल यांनी १९०८ साली काढले. आपली गावे त्यात आहेत, पण ती महसूल, पिके, जाती आणि जमीनदाऱ्या यांच्या हिशेबात आहेत. तांदळाच्या गिरणीत कोण राबत होते, छोटी लाइन सुरू झाल्यावर कुठून कोण माणसे आली, तेंदूपत्त्याच्या हंगामात घरे कशी ओस पडत, विडीच्या कारखान्यात आठवड्याचा हिशेब कसा होई, हे तिथे सापडत नाही. ते घराघरांत आहे, आणि ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. आपल्या मुस्लिम घरांचे तर बहुतेक सगळे असेच तोंडी आहे. दादा रेल्वेत फायरमन होते, नाना लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते, नानी विड्या वळायची, एवढ्या एका वाक्यात तीन-तीन पिढ्या संपतात. हे टिपून ठेवायला आज तरी फोनमधल्या गटाइतके सोपे साधन दुसरे नाही. म्हणून तो गट बिघडला, तर एवढे किरकोळ नुकसान म्हणून सोडून देता येत नाही.

आता ‘विषय सोडून’ म्हणजे काय? आमच्या पाहण्यात त्याचे तीन प्रकार आहेत. तिन्हींना एकच औषध लावले की गट बिघडतो.

पहिला प्रकार शुभेच्छांचा आणि फॉरवर्डचा. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. सकाळी उठून शंभर माणसांना सलाम करावा, ही भावना चांगलीच आहे. पण शंभर सलामांखाली एका म्हाताऱ्या माणसाने टाकलेला १९६२ चा शाळेचा फोटो गाडला जातो, आणि तो शोधायला पुन्हा कुणी मागे जात नाही. इथे आपण आपल्या घरापासून सुरुवात करावी. सर्वांच्या गटात ‘जुमा मुबारक’ आणि दुआंची चित्रे टाकणारे आपलेच भाऊ असतात. मग दुसऱ्या बाजूने आरत्या आल्या की आपल्यालाच खटकते. एकमेकांना सण मुबारक करायला घरचे, जमातीचे, मित्रांचे गट आहेत. इतिहासाच्या गटात सर्वांनीच तेवढा हात आवरावा. ईद आणि दिवाळी, दोन्हींना एकच नियम असला तर तो कुणाला टोचत नाही.

फॉरवर्डसाठी एक सोपी खूण सांगतो. एखादा संदेश पुष्कळ वेळा पुढे ढकलला गेला असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप त्यावर दोन बाण दाखवते. आपल्या गावाच्या विहिरीची हकीकत कधी दोन बाण लावून येत नाही. ती जिच्या घरची विहीर आहे तिच्याच तोंडून येते, टाइप करताना चुका करत, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत. म्हणून ‘दोन बाण असलेले काहीही या गटात नको’ एवढा एकच नियम केला, तरी निम्मा कचरा थांबतो. त्यासाठी कुणाच्या धर्माकडे, पक्षाकडे बोट दाखवावे लागत नाही.

दुसरा प्रकार नाजूक आहे, आणि त्यातच सगळ्यात जास्त चूक होते. समजा, गटात कुणी विचारले की आपल्या गावचा मामा तलाव कुणी बांधला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की या ‘मामा’चा आईच्या भावाशी काही संबंध नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, मालगुजारांचे तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. त्याचा मामा झाला. तर, तलाव कुणी बांधला या प्रश्नावर एक खाला आवाजी संदेश पाठवते. ती सांगते, की त्या तलावाच्या पाळीवर आम्ही पोरी विड्यांची पाने कापत बसायचो, शिंगाडे विकणारी बाई यायची, तिचे नाव अमुक, तिच्या मुलाला एकदा साप चावला, आणि तेव्हा दवाखाना नसल्यामुळे त्याला बैलगाडीने स्टेशनवर नेले. पाच मिनिटांचा संदेश. तलाव कुणी बांधला ते त्यात कुठेच नाही. लगेच एखादा हुशार तरुण लिहितो, “कृपया विषयाला धरून बोला.”

झाले. खाला पुन्हा बोलत नाही. तिचे पाहून दुसऱ्या दोघीही बोलत नाहीत.

आता त्या पाच मिनिटांत काय होते ते पाहा. पाळीवर विडीचे काम चाले. त्या तलावात शिंगाडे होत आणि ते विकून एक घर चाले. गावात दवाखाना नव्हता आणि आजारी माणसाचा आधार रेल्वे होती. तलाव कुणी बांधला हे रसेलच्या गॅझेटिअरवरून निदान अंदाजाने तरी सांगता येईल, कारण या भागातल्या कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद सरकारी पुस्तकांत झालेली आहे. खालाने सांगितलेली गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. ज्याला आपण अवांतर म्हणून गप्प केले, तोच अस्सल माल होता. फक्त तो चुकीच्या प्रश्नाखाली आला होता.

उर्दूत बोलता बोलता माणूस मध्येच दुसरे काही सांगतो आणि म्हणतो, ‘खैर, ये तो जुमला-ए-मोतरिजा था’. मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांनीही ‘अवांतर’ असा शब्द वर टाकून मग मूळ विषयाबाहेरचे लिहिण्याची पद्धत पाडली. दोन्हींत सभ्यता आहे. मी आडवाटेला जातो आहे हे मला कळते, तुम्हीही जाणून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. उर्दू कसीद्यात तर आधी बहार, बाग, प्रेम असे सगळे येते आणि मग कवी मूळ विषयाकडे वळतो. त्या वळणाला ‘गुरेज’ म्हणतात आणि कवीची परीक्षा त्या वळणावर होते. गट चालवणाऱ्याचे कामही हेच. माणसाला थांबवायचे नाही, वळवायचे.

वर्गात आम्ही हे रोज करतो. भूगोलाच्या तासाला मुलगा विचारतो, “सर, वाघ पोहतो का?” त्याला गप्प केले तर तो महिनाभर काही विचारणार नाही. उत्तर देत बसले तर तास गेला. म्हणून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट काढायची, त्यात त्याचा प्रश्न लिहायचा आणि म्हणायचे, शेवटच्या पाच मिनिटांत बघू. आणि शेवटच्या पाच मिनिटांत खरोखर बघायचे. नाहीतर मुलांना ती चौकट म्हणजे कचऱ्याची टोपली आहे हे दोन दिवसांत कळते.

गटातही तसेच करावे. खालाच्या संदेशाखाली एकाने लिहावे, ‘खाला, ही माहिती फार मोलाची आहे. विडीकामाच्या आठवणी म्हणून वेगळी टिपून ठेवतो. उद्या तुम्हाला फोन करतो.’ आणि खरोखर फोन करावा. एका साध्या वहीत चार-पाच भाग करावेत: तलाव-विहिरी, रेल्वे, विडी आणि तेंदू, शाळा, सण आणि जत्रा. प्रत्येक संदेश कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या वर्षाबद्दल सांगितला हे एका ओळीत लिहावे. अवांतर आलेले मग आपोआप आपल्या जागी जाऊन बसते.

ही वही नुसत्या हौसेची नाही. आपल्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी दोन सरकारी कागदपत्रे असतात. तलावाचे पाणी, गावठाणाची वाट, जंगलातले सरपण, गुरांची चराई यांवर गावाचा काय रिवाज आहे, ते त्यांत लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, त्यांना जागा आहे. वाजिब-उल-अर्ज हे नावच पाहा. गावाने काय सांगितले त्याची ही नोंद. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे चालतात, त्यांत जुन्या नोंदी, गॅझेटिअर यांच्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले म्हणणेही आहे. म्हणजे सरकारसुद्धा बुजुर्गाच्या बोलण्याला पुरावा मानते, फक्त ते कुणीतरी लिहून घेतलेले असले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या गावांना याची किंमत ठाऊक आहे. तेव्हा ‘विषयाला धरून बोला’ असे सांगण्याआधी, समोरचा माणूस पुरावा देतो आहे का हे पाहावे.

तिसरा प्रकार भांडणाचा. तिथे मात्र वळवण्याने भागत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. तिथे महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि दोन्हीकडे माणसे जातात. इतिहासाच्या गटात या जागेबद्दल विचारण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ला कुणाचा? यात्रेला बैलगाड्या कोणकोणत्या गावांवरून यायच्या? मुक्काम कुठे पडायचा? दुकाने कोण लावायचे? ख्वाजा उस्मान हारुनी हे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे पीर म्हणून ओळखले जातात. त्यांचे नाव इतक्या दूर या डोंगराशी कसे जोडले गेले, हाही अभ्यासाचा चांगला प्रश्न आहे.

पण होते काय? दुसऱ्याच संदेशात कुणी औरंगजेब आणतो. तिसऱ्यात कुणी दिल्लीच्या वाहिनीवरची चर्चा आणतो. आणि आपले लोकही मागे नसतात. उर्स जायज की नाजायज, यावर दोन मौलानांच्या तकरिरी सुरू होतात. प्रतापगड बाजूलाच राहतो. ज्या गावच्या किराणा दुकानदाराने तीस वर्षे त्या यात्रेत फुटाणे विकले, त्याला एक शब्दही बोलता येत नाही. देशभराचे भांडण गावच्या गटात आले, की गावच तिथून निघून जाते.

आणि खरोखर निघून कोण जाते, हेही पाहिले पाहिजे. सर्वांत आधी बाया गप्प होतात. मग ज्यांची संख्या गटात कमी, ती घरे. आपली माणसे फार वाद न घालता ‘लेफ्ट’ होतात. आम्हाला ते समजते. रोज उठून स्वतःच्या गावात आपण कोण, हे सिद्ध करत बसायला कुणाला आवडेल? पण परिणाम असा, की गटात गावाचा जो इतिहास तयार होतो त्यात आपला मोहल्ला नसतो. पुढे एखादा विद्यार्थी तीच माहिती वापरून निबंध लिहितो, ग्रामपंचायत तीच माहिती फलकावर लावते, आणि आपण म्हणतो की आपले नाव कुठेच नाही. नाव काढणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे खरे. पण आपण निघून आलो, तर ते काम आणखी सोपे होते.

म्हणून भांडणाच्या वेळी गट चालवणाऱ्याने ठाम राहिले पाहिजे. अनेक अ‍ॅडमिन हात वर करतात, “मी काय करणार, लोक ऐकत नाहीत.” याबाबतीत एक न्यायनिवाडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. २०१६ साली अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात एका व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनवर गुन्हा नोंदला गेला. गटातल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली होती. अ‍ॅडमिनने त्याला ना गटातून काढले, ना माफी मागायला लावली, उलट आपली असमर्थता सांगितली, अशी तक्रार होती. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अ‍ॅडमिनवरचे ते प्रकरण रद्द केले. न्यायालयाचे म्हणणे असे, की सदस्य घेणे आणि सदस्य काढणे यापलीकडे अ‍ॅडमिनच्या हाती फारसे काही नसते. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता असे दिसले नाही, तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. ज्याने लिहिले, तो मात्र जबाबदार असतोच.

निकाल योग्यच आहे. नाहीतर गट काढायला कोण धजेल? पण त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पोलिसांच्या भीतीने गटच बंद करायचे किंवा ‘फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील’ असे कुलूप कायमचे लावायचे कारण नाही. कुलूप लावले की खालाचे तोंडही बंद होते. दोन, गुन्हा नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे होत नाही. निकालानंतर २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय मिळाली. म्हणजे ‘माझ्या हातात काही नाही’ हे आता तितकेसे खरे राहिलेले नाही. ज्या बाईला भर गटात अपमान सोसावा लागला, तिला कायद्याच्या कलमापेक्षा आधी हे पाहायचे असते, की तिच्या बाजूने कोणी एक शब्द बोलला का.

आता कामाच्या गोष्टी, थोडक्यात.

गटाचा नियम एका वाक्यात असावा आणि तो वरच्या माहितीच्या जागी लिहिलेला असावा: ‘आपल्या गावाबद्दल, आपण पाहिलेले किंवा घरच्यांकडून ऐकलेले.’ दहा कलमांची नियमावली कुणी वाचत नाही.

अ‍ॅडमिन एक नको, तीन असावेत. तीन वेगवेगळ्या मोहल्ल्यांतले, आणि त्यांत एक तरी बाई. मग संदेश पुसला की तो ‘त्यांनी आमचा पुसला’ असे होत नाही.

वडीलधाऱ्यांना चारचौघांत टोकू नये. फोन करून सांगावे, “चाचा, तुमचा संदेश जरा वेगळ्या विषयाचा होता, तो मी वहीत घेतला.” तरुणांना गटातच सांगितले तरी चालते, पण नाव न घेता.

वाद पेटला तर एकच प्रश्न विचारावा: “हे आपल्या गावात कुठे घडले, आणि तुम्हाला कुणी सांगितले?” खऱ्या माहितीवाल्याला हा प्रश्न आवडतो, तो लगेच आजोबांचे नाव सांगतो. भांडायला आलेल्याकडे याचे उत्तर नसते. तरी तो थांबला नाही, तर संदेश पुसावा, एकदा समज द्यावी, आणि दुसऱ्यांदा गटातून काढावे. तो आपल्या नात्यातला असला तरीही.

गप्पांसाठी दुसरा गट काढून द्यावा. लोकांना बोलायचे असते, त्यांना जागा द्यावी. ‘इथे नको’ म्हणताना ‘तिथे टाका’ असे म्हणता आले पाहिजे.

आणि शेवटचे, आपल्या घरांसाठी. ज्यांनी असा गट सोडला आहे त्यांनी परत जावे, आणि वादाला उत्तर म्हणून नव्हे, तर एक वस्तू घेऊन जावे. नानीचे विडी कामगाराचे ओळखपत्र, दादांचा रेल्वेचा पास, निकाहनाम्यावरची साक्षीदारांची नावे, जुन्या भाडेपावतीवरचे घरमालकाचे नाव. निकाहनामा उर्दूत असेल तर मराठीत त्याचा सारांश लिहून टाकावा. त्यावर कुणाचा आधार क्रमांक, पत्ता, फोन दिसत असेल तर तो झाकावा. घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकू नये.

येत्या सुटीत एवढे एक काम करू या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसायचे, फोन रेकॉर्डिंगला लावायचा, आणि तलावाबद्दल विचारायचे. ते तलाव सोडून आणखी चार गोष्टी सांगतील. सांगू द्या. सगळे टिपून घ्या. कोणती गोष्ट कुठे बसवायची ते नंतर ठरवता येईल. सांगणारे माणूस नंतर सापडेलच, असे मात्र नाही.